याला विनोद म्हणावयाचे काय?

आमच्या मंडळाच्या एका जुन्या इतिवृत्तवहीत एक ठराव नोंदलेला आहे. मंडळातर्फे दाखविण्यात येणाऱ्या चित्रपटांची निवड करताना अभिरुचीचा दर्जा राखला जावा, असा त्याचा आशय. ठराव एकमताने संमत झाला. खाली कार्यकारिणीच्या सात सभासदांच्या सह्या आहेत आणि त्यांत सहकार्यवाह या नात्याने केलेली आमचीही एक आहे. सरकारी नोकरीत आम्ही जन्मभर अगणित कागदांवर सह्या केल्या. त्यांपैकी बहुतेकांचे आम्हांला आज स्मरणही नाही. ही एक मात्र अधूनमधून आठवते, आणि आठवली म्हणजे थोडी टोचते.

प्रसंग असा घडला. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट १९७५ मध्ये निघाला. त्यानंतर तीन-चार वर्षांनी, आम्ही उत्तरेकडील एका शहरात बदलून गेलो असताना, मंडळाने पुष्कळ खटपट करून मुंबईहून त्याची प्रत मागविली. परमुलखात मराठी चित्रपट पाहावयास मिळणे म्हणजे त्या काळी सणच असे. बायकांनी ठेवणीतल्या साड्या काढल्या, मुलांना दुपारी सक्तीने झोपविले, आणि संध्याकाळी सभागृह तुडुंब भरले. पुढच्या दोन रांगांत आम्ही अधिकारी मंडळी सहकुटुंब. त्यामागे कारकून, शिक्षक, बँकेतले लोक. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, छावणीतले जवान, ड्रायव्हर, शिपाई. ही आसनव्यवस्था कोणी ठरवून दिलेली नव्हती. ती आपोआप होत असे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नसे.

चित्रपट सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच सभागृहाचे दोन भाग पडले. मागून हास्याची लाट उठे, पुढे येई, आणि तिसऱ्या रांगेपाशी पोहोचताच विरून जाई. साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर, फौजेतून निवृत्त होऊन तेथील एका कार्यालयात लागलेला, इतका हसला की शेवटी भिंतीचा आधार सोडून तो खाली बसला. पुढच्या रांगांत मात्र एखाद्या शोकसभेला शोभेल अशी शांतता होती. कोणी घड्याळ पाहत होते, कोणी मुलांना कानात काही सांगत होते. आम्हांलाही हसू येत होते. ते आम्ही खोकल्यात घालविले.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची सभा भरली. ज्येष्ठ सभासदांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “याला विनोद म्हणत नाहीत.” हे गृहस्थ व्यासंगी होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ त्यांना जवळजवळ मुखोद्गत होते आणि गडकऱ्यांचा बाळकराम जिभेवर होता; त्यामुळे विनोदाच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. बँकेतल्या एका तरुण सभासदाने, “पण लोक तर फार हसले,” असे क्षीण स्वरात सांगून पाहिले. त्यावर, “लोक कोणी पाय घसरून पडला तरी हसतात,” असे उत्तर मिळाले आणि विषय तेथेच संपला.

आज त्या संभाषणाकडे वळून पाहिले म्हणजे वाटते की दोघेही खरेच बोलत होते, परंतु एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्याला भिडतच नव्हते. एकाने काय घडले ते सांगितले, दुसऱ्याने काय घडावयास नको होते ते. आणि तरीही दोघांना आपण एकाच गोष्टीवरून वाद घालीत आहोत असे वाटत होते. एखादा लोकप्रिय विनोदी नट खरोखर विनोदी आहे की नाही, यावरून जेथे जेथे वाद होतो तेथे तेथे बहुधा हीच गफलत असते, असे आमचे मत होत चालले आहे. ते कसे, हे येथे जरा उलगडून पाहावे असा मानस आहे.

इतर आवडीनिवडींवरून माणसे अशी हमरीतुमरीवर येत नाहीत. एखाद्याला पुरणपोळी आवडली नाही तर आपण त्याची कीव करतो. परंतु तो काही “ही पोळीच नव्हे” असे म्हणत नाही, आणि आपणही त्याच्याकडून तशी कबुली मागत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० च्या आपल्या प्रख्यात ग्रंथात हा भेद स्पष्ट केला आहे. रुचकर वस्तूविषयी बोलताना माणूस ‘मला’ हा शब्द गृहीत धरतो. सुंदर वस्तूविषयी बोलताना मात्र तो जणू सर्वांची संमती मागत असतो. त्याच ग्रंथात कांटने थट्टाविनोदाची गणना ललित कलांत न करता केवळ सुखद अशा कलांत केली. ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली म्हणजे हसू येते, अशी त्याची उपपत्ती. ती अपुरी असेल. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. कांटने विनोदाला जी जागा दिली ती माणसांनी कधी मान्य केलेली दिसत नाही. माणसे विनोद पुरणपोळीसारखा चाखतात, आणि त्याविषयी वाद मात्र ताजमहालाविषयी घालावा तसा घालतात.

याचे कारण, आम्हांला वाटते, हास्याच्या स्वभावातच आहे. एखादे गंभीर नाटक कंटाळवाणे वाटले तरी गंभीर मुद्रा करून बसता येते. आपण रंगलो की पेंगुळलो हे शेजाऱ्याला कळत नाही. हास्याचे तसे नाही. ते आले तर दिसते, न आले तर तेही दिसते. सारे सभागृह हसत असताना जो हसत नाही त्याच्यावर जणू एक प्रश्न येऊन पडतो: याला समजले नाही, की हा याच्या पलीकडचा आहे? यांपैकी कोणते उत्तर मनुष्य पसंत करील हे सांगावयास नको. “मला हसू आले नाही” हे वाक्य खरे, साधे आणि निरुपद्रवी आहे. पण त्यात पहिल्या उत्तराला वाव राहतो. म्हणून तो म्हणतो, “याला विनोद म्हणत नाहीत.”

दादा कोंडके यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. १९३२ साली मुंबईतील गिरणगावात, गिरणी कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. सेवादलाच्या कलापथकातून ते पुढे आले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगाचे हजारांवर प्रयोग झाले आणि त्यातील हवालदाराने त्यांना घरोघर पोहोचविले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून १९६९ मध्ये ते पडद्यावर आले, आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या ‘सोंगाड्या’ने त्यांचे भाग्य उघडले. त्या चित्रपटासाठी दादरला चित्रपटगृह मिळण्याची पंचाईत झाली आणि बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावे लागले, ही कथा प्रसिद्धच आहे. पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्या विक्रमाची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. १९९८ च्या मार्चमध्ये ते निवर्तले. इतकी वर्षे हा मनुष्य महाराष्ट्राला हसवीत होता, आणि तितकीच वर्षे महाराष्ट्रातला एक मोठा, शिकलेला वर्ग तो विनोदी नाही असे सांगत होता. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिची लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर भाबडेपणा आणि तोंडात दोन अर्थांचे वाक्य. एकाला यात हास्याची खाण दिसे, दुसऱ्याला चिखल.

डेव्हिड ह्यूम याने १७५७ मध्ये अभिरुचीच्या प्रमाणाविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्यात ‘डॉन किहोते’ या कादंबरीतील एक गोष्ट घेतली आहे. सँको पांझाच्या दोघा आप्तांना एका पिंपातील मद्याची पारख करावयास बोलाविले. एक म्हणाला, मद्य उत्तम, पण चामड्याची किंचित चव येते. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही टर उडविली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमला यातून एवढेच दाखवावयाचे होते की ज्याची जीभ तल्लख, त्याला इतरांना न लागणारी चव लागते, आणि ती चव खोटी नसते. वस्तूतच तिचे कारण असते. आम्हांला मात्र त्या दोघांतील मतभेद अधिक मोलाचा वाटतो. दोघांना वेगवेगळ्या चवी लागल्या आणि दोघेही बरोबर होते. कोंडक्यांच्या पिंपात चामडेही आहे आणि लोखंडही आहे. मागे भिंतीला टेकलेल्यांना जे लागले ते तेथे होतेच: गावातले भोळे पोर शहाण्यांच्या जगात शिरते आणि आपल्या अजाणतेपणानेच त्या शहाण्यांची फजिती करते, हा आनंद. पुढच्या रांगांना जे खटकले तेही तेथेच होते. चूक झाली ती, ज्याला चामडे लागले त्याने पिंपात लोखंड नाहीच असे छातीठोकपणे सांगितले, तेथे.

आता पुढच्या रांगा काही काल-परवाच्या नाहीत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते माणसांच्या तीन प्रकृतींना दोन-दोन असे वाटून दिले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीला, विहसित आणि उपहसित मध्यमांना, अपहसित आणि अतिहसित अधमांना. स्मितात दात दिसू नयेत; अतिहसितात मनुष्य डोळ्यांत पाणी आणून, बरगड्या दाबून, मोठ्याने हसतो. म्हणजे आमच्या सभागृहातील आसनव्यवस्था भरताने आधीच लिहून ठेवली होती, आणि तो साताऱ्याचा ड्रायव्हर भिंतीपाशी खाली बसला तेव्हा शास्त्राप्रमाणे अगदी यथास्थित अधम ठरला. भरताला दोष देण्याचे कारण नाही. रंगभूमीवर राजाने कसे हसावे आणि सेवकाने कसे, हे नटाला सांगणे त्याला भाग होते. परंतु नटासाठी केलेली ही वाटणी प्रेक्षकांनीही शतकानुशतके स्वतःला लावून घेतली असावी, असा आम्हांला संशय आहे. आपण किती हसतो यावरून आपण कोण आहोत हे ठरते, असे एकदा मानले की मग हसू आवरणे हा एक सामाजिक शिष्टाचार होऊन बसतो. त्याच भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आहे. शृंगाराची नक्कल झाली की हास्य निर्माण होते, हे त्याचे मत वाचताना आम्हांला विदूषकाच्या आधी दादा कोंडके आठवतात, हे कबूल केले पाहिजे.

राहता राहिला तो दोन अर्थांचा प्रश्न. आमचे व्यासंगी सभासद मोरोपंतांचे मोठे चाहते होते. मोरोपंतांचा एखादा श्लेष सुटला म्हणजे त्यांच्या मुद्रेवर जो आनंद पसरे तो पाहण्यासारखा असे. एका शब्दातून दोन वाटा फुटाव्यात, त्यांपैकी एक झाकलेली असावी, आणि ती आपल्याला सापडावी, हा तो आनंद. एकनाथांच्या भारुडांत वरचा अर्थ प्रपंचाचा आणि आतला परमार्थाचा. लावणीत पुष्कळदा वरचा अर्थ शेताचा वा फळाचा आणि आतला देहाचा. यंत्र एकच आहे. कोंडके यांनी ते चालविले तेव्हा परिनिरीक्षण मंडळाशी त्यांचे वारंवार खटके उडाले, आणि आपण एक अर्थ लिहिला असता मंडळाला दुसराच का दिसावा, असा त्यांचा युक्तिवाद असे म्हणतात. युक्तिवाद लबाड आहे खरा. तथापि त्यात एक काटा आहे. दुसरा अर्थ ज्याला दिसला त्याच्या डोक्यातच तो होता. मोरोपंतांचा श्लेष सुटला नाही तर आपण अडाणी ठरतो, म्हणून तो सुटल्याचे आपण हर्षाने सांगतो. कोंडक्यांचा श्लेष सुटला तर आपण काय ठरतो? पुढच्या रांगेतील शांतता ही समजण्याची शांतता होती, न समजण्याची नव्हे. न समजणारे म्हणाल तर आमची मुले. ती नाडी पाहून खदखदा हसत होती.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे पुढच्या रांगेतले सारे ढोंगीच काय? नाही. त्या रात्री सभागृहातून परतताना आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील बाई आमच्या घरात म्हणाल्या होत्या, “हसू आले, आणि हसू आले म्हणून राग आला.” हे वाक्य आम्ही त्यावेळी हसण्यावारी नेले. आज वाटते, त्या साऱ्या प्रकरणात इतके प्रामाणिक असे दुसरे कोणी काही बोललेच नाही. कोंडक्यांच्या दुहेरी अर्थांतील आतला अर्थ बहुधा बाईच्या देहापाशी जाऊन थांबतो. पुरुष तो ऐकून हसतो आणि मोकळा होतो. बाईला हसता हसता, आपण कोणाला हसलो, हा प्रश्न पडतो. त्या बाईंनी हसू आल्याचे नाकारले नाही आणि रागही गिळला नाही. जे हास्यास्पद आहे ते हसण्याजोगे असलेच पाहिजे असे नाही, हे त्यांना एका वाक्यात उमगले होते. कार्यकारिणीतल्या आम्हा सातजणांना ते उमगले नाही. आम्ही ‘हसणे योग्य नाही’ असे म्हणावयास हवे होते. त्याऐवजी ‘हे विनोदी नाही’ असे म्हणून मोकळे झालो. पहिले वाक्य उच्चारले असते तर त्याची कारणे द्यावी लागली असती, कोणाच्या दृष्टीने योग्य नाही तेही सांगावे लागले असते, आणि कदाचित त्या बाईंना सभेत बोलवावे लागले असते. दुसऱ्या वाक्याला कारण लागत नाही. ‘अभिरुची’ हा शब्द पुरतो.

याचा अर्थ विनोदाच्या बऱ्यावाईटाचा विचार होऊच शकत नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. आमच्या मते ‘सोंगाड्या’तला कोंडके आणि पुढे हिंदीत गेलेला कोंडके यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. ‘सोंगाड्या’त आईच्या धाकातला भोळा मुलगा तमाशाच्या नादी लागतो; रत्नमालांनी उभी केलेली ती करारी आई आणि तिला हाक मारणारे ते पोर यांच्यामध्ये जे घडते ते निखळ हास्य आहे, आणि त्यात पाहण्यासारखे जीवनही आहे. १९८४ मध्ये ‘तेरे मेरे बीच में’ आणि १९८६ मध्ये ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ हे चित्रपट आले, तोवर चित्रपटाच्या नावापासूनच दुहेरी अर्थाची सोय होऊ लागली होती. यंत्र उरले, आणि ते चालविणारे भोळे पोर हरवले. यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. परंतु हा वाद दोन हसलेल्या माणसांत होतो, किंवा एक हसलेला आणि एक प्रामाणिकपणे न हसलेला यांच्यात. खोकला काढणाऱ्याला त्यात भाग घेता येत नाही.

प्रामाणिकपणे न हसणारेही असतात, आणि ते मागच्या रांगांतही असतात. त्याच वर्षी गणेशोत्सवात आम्ही पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाचे ध्वनिमुद्रण लावले होते. पुढच्या रांगा वाक्य पूर्ण होण्याआधीच हसत होत्या, कारण ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आल्यापासून त्यांतील कित्येकांची ती घरची झाली होती. मागे मात्र मंडळी सभ्यपणे बसून होती. चाळीतले ते सुशिक्षित, पांढरपेशे दारिद्र्य, त्यांतील मानापमान, भाषणे, गच्चीसाठीचे लढे. हे त्यांच्या जगातले नव्हतेच. कोणी “याला विनोद म्हणत नाहीत” असे म्हटले नाही. म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती, हे त्याचे एक कारण. फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ याने १९०० मध्ये हास्यावर जे पुस्तक लिहिले त्यात एक किस्सा आहे. प्रवचन ऐकून सगळे रडत असताना एकजण कोरडाच बसला होता. का रडत नाहीस, असे विचारता तो म्हणाला, मी या परगण्यातला नव्हे. बेर्गसाँच्या मते हे हास्याला तर अधिकच लागू आहे. हास्याला नेहमी एक मेळा लागतो.

परमुलखात नोकरी करणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावयाची गरज नाही. काही वर्षांनी आमच्या मुलीला, जी हिंदी शाळेत शिकली आणि जिने रत्नागिरी नकाशातच पाहिली, आम्ही मोठ्या हौसेने ‘म्हैस’ ऐकविली. एस. टी. थांबते, म्हैस आडवी पडलेली असते, एकेक वल्ली बोलू लागते, आणि आम्ही डोळे पुसतो आहोत. मुलीने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, “पण बाबा, त्या म्हशीला फार लागले होते का?” तिचे चुकले असे आम्ही कसे म्हणावे? तिला म्हैस दिसली. आम्हांला कोकण दिसत होते. त्या दिवशी घरात जे जाणवले ते विनोदापुरते नव्हते. आपण ज्या मेळ्यात हसतो त्यात आपले मूल नाही, हे कळणे सोपे नसते. त्यानंतर आम्ही ती ध्वनिफीत तिच्यासमोर पुन्हा लावली नाही.

तरीही परगण्याच्या या उपपत्तीवर आमचा पूर्ण भरवसा नाही. कधी कधी बाहेरच्यालाच अधिक दिसते. जेरी लुइस या अमेरिकन नटाला त्याच्या मायदेशातील टीकाकारांनी वर्षानुवर्षे पोरकट म्हणून बाजूला सारले. त्याच सुमारास फ्रान्समधील समीक्षक त्याच्या चित्रपटांवर गंभीर लेख लिहीत होते, आणि १९८४ मध्ये फ्रान्सने त्याला ‘लेजियों द ऑनर’ हा सन्मान दिला. अमेरिकेत याचीच पुढे थट्टा झाली. फ्रेंचांच्या विनोदबुद्धीविषयी शंका घेण्याला ते एक निमित्त मिळाले. पण असे होणे अशक्य नाही की घरच्यांना त्या वेड्यावाकड्या तोंडांची लाज वाटत होती, आणि परक्यांना लाज वाटण्याचे कारण नसल्यामुळे त्यांना अंगविक्षेपांतील कारागिरी निवांत पाहता आली. कोंडक्यांच्या बाबतीत आमच्या पुढच्या रांगा अशाच लाजेच्या मारलेल्या होत्या. आमच्यापैकी निम्मे एका पिढीपूर्वी त्याच मातीतून, त्याच आयेच्या घरातून निघून शाळा शिकले होते. ती नाडी आमच्या ओळखीची होती.

आणि शेवटी आमच्या स्वतःच्या खोकल्याविषयी. नोकरीत असताना आम्ही वरिष्ठांच्या विनोदांना तीस वर्षांहून अधिक काळ हसलो. त्यांतले काही खरोखर चांगले असत, बहुतेक नसत, हसण्यात मात्र आम्ही कधी कसूर केली नाही. पुढे आम्ही स्वतः वरिष्ठ झालो आणि आमचे विनोद एकाएकी सुधारले. निवृत्त झालो त्या महिन्यापासून ते पुन्हा बिघडले, ते आजतागायत. ज्याला बढतीबरोबर हास्याचा पारा चढताना आणि उतरताना इतक्या जवळून पाहावयास मिळाले, त्याने सभागृहात आपले हसू कोणासाठी दाबले हे ओळखणे कठीण जाऊ नये. आमच्या शेजारच्या खुर्चीत आमचे त्यावेळचे वरिष्ठ बसले होते, आणि ते हसत नव्हते. ते का हसत नव्हते हे आम्हांला ठाऊक नाही. त्यांच्या पलीकडे त्यांचे वरिष्ठ होते.

ठरावानंतर मंडळात चित्रपट लागले ते निवडक लागले, आणि मागची भिंत मोकळी दिसू लागली. वर्गणीच्या यादीतून पंधरा-वीस नावे गळाली. त्याची चर्चा झाली ती खजिनदारांच्या अहवालापुरती. पुढच्या गणेशोत्सवात पुन्हा पु. लं.चे ध्वनिमुद्रण लावले होते. मध्यंतराच्या सुमारास काही कामासाठी आम्ही बाहेर आलो तर आवारात मोटारी उभ्या होत्या, आणि त्यांपैकी एकीत तो साताऱ्याचा ड्रायव्हर बसला होता. तो आपल्या साहेबांना सोडावयास आला होता. आम्हांला पाहून तो उतरला आणि त्याने रामराम केला. आम्ही म्हटले, “आत या की. बाहेर का बसलात? जागा आहे.”

आतून त्याच वेळी हास्याचा मोठा खळखळाट ऐकू आला. त्याने सभागृहाच्या दाराकडे पाहिले.

“हितंच बरं हाय, सायेब,” तो म्हणाला. “हितनं समदं ऐकू येतंय.”